ड्रोनद्वारे शिकार आणि पाणातिपाताची पाच अंगे

गेल्या वर्षी अशोक विजयादशमीच्या आधीच्या रविवारी आमच्या पालि अभ्यासवर्गात पंचशीलाचे विवेचन चालू होते. पहिल्या शीलाचे स्पष्टीकरण संपत आले असता, अमेरिकेत नोकरीस असलेला व सुट्टीवर घरी आलेला एक तरुण उपासक उठून उभा राहिला. त्याच्यापाशी हौसेखातर घेतलेले एक ड्रोन आहे. त्याच्या कचेरीतील एक सहकारी दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीस जातो. तो सहकारी त्यास म्हणाला, "तू बंदुकीला हात लावू नकोस. हरणे जंगलात कोठे बसली आहेत, तेवढे वरून पाहून सांग." तरुणाने आम्हांस विचारले, "सर, मी फक्त पाहिले, तर शील मोडते काय?" त्याने एकदा तसे पाहून दिले होते आणि त्या दिवशी एक हरीण मारले गेले होते, हे त्याने वर्ग संपल्यावर खालच्या आवाजात सांगितले. त्या राज्याचा कायदा असे करू देत नाही, हेही त्यास मागाहून कळले होते.

वर्गात आम्ही "होय, मोडते" असे घाईने सांगून टाकले. पण ते उत्तर आमचे आम्हांसच पुरेसे वाटले नाही. अट्ठकथाकारांनी ज्या बारकाईने पाणातिपाताचा विचार केला आहे, त्या बारकाईने या प्रश्नाकडे पाहावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

ड्रोन म्हणजे जमिनीवरून चालविले जाणारे लहान उड्डाणयंत्र, हे लग्नसमारंभातील चित्रीकरणामुळे आणि शेतातील फवारणीमुळे आता आपल्याकडेही सर्वांस ठाऊक झाले आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने त्यातील खरे महत्त्व त्यास जोडलेल्या थर्मल कॅमेऱ्याचे आहे. प्रत्येक उष्ण शरीरातून डोळ्यांस न दिसणारे उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात आणि हा कॅमेरा तेच टिपतो. पहाटे जमीन व झाडे थंड असतात, तेव्हा झुडपात दडलेले हरीण पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसते. पानझड झाल्यावर तर काही लपतच नाही. वाळल्या गवताशी मिळणारा रंग, चाहूल लागताच निश्चल होण्याची सवय, वाऱ्यावरचा वास घेणारे नाक, चहूकडे वळणारे कान ही हरणाची सारी संरक्षणसाधने जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी घडलेली आहेत. वरून उष्णता मोजणाऱ्या डोळ्यापुढे त्यांतील एकही चालत नाही. ज्या शोधास माणसाला तीन-चार दिवस लागले असते, तो अर्ध्या तासात पुरा होतो.

म्हणूनच या यंत्रास पहिला विरोध प्राणिमित्रांइतकाच खुद्द शिकाऱ्यांकडूनही झाला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत विमानातून वन्य प्राण्यांवर गोळ्या झाडण्यास व त्यांस विमानाने सतावण्यास १९७१ च्या संघीय कायद्याने बंदी केली. अलास्कात तर विमानातून प्रवास केलेल्या माणसास त्याच दिवशी मोठ्या जनावरांच्या शिकारीस जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत थांबावे लागते. ड्रोन स्वस्त होताच हा प्रश्न नव्याने उभा राहिला. माँटाना राज्याने २०१३ मध्ये, तर कोलोरॅडो व अलास्का या राज्यांनी २०१४ मध्ये ड्रोनने शिकार हेरण्यास मनाई केली, आणि पुढे इतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. शिकारी व मच्छीमार यांच्याच काही संघटनांनी या बंदीसाठी खटपट केली होती.

यामागील विचार जुना आहे. थिओडोर रूझवेल्ट व त्यांचे सहकारी यांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. मोकळ्या रानातील जनावरास निसटून जाण्याची खरीखुरी संधी असली पाहिजे, शिकाऱ्याने अवाजवी वरचढपणा घेता कामा नये, असे या क्लबाचे तत्त्व आहे. त्यास आपण 'न्याय्य पाठलाग' म्हणू. मोठ्या शिंगांच्या जनावरांची नोंदवहीही हा क्लब ठेवतो. ड्रोनच्या मदतीने मारलेले जनावर त्या नोंदवहीत घेतले जाणार नाही, असे त्याने २०१४ मध्ये जाहीर केले.

या तत्त्वाची चेष्टा करण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती शक्ती आहे त्याने ती सारीच्या सारी वापरू नये, हा त्यातील संयम खरा आहे आणि त्यामुळे कित्येक प्राणी वाचलेही आहेत. तथापि हा न्याय कोणाच्या बाजूने मोजला जातो, हे पाहिले पाहिजे. पाठलाग न्याय्य झाला असे शिकारी ठरवितो; हरणाने त्या सामन्यास कधी संमती दिलेली नसते. हरल्यास त्याचा जीव जातो आणि जिंकल्यास त्यास काही मिळत नाही. ड्रोन नको, कारण त्याने शिकाऱ्याच्या कौशल्याचे मोल उतरते, असे या युक्तिवादाचे अंतिम स्वरूप आहे. त्याची चिंता शिकाऱ्याच्या प्रतिष्ठेविषयी आहे.

विनयपिटकातील एक प्रसंग येथे आठवतो. प्राण्यास जाणूनबुजून मारण्याविषयीचा जो एकसष्टावा पाचित्तिय नियम आहे, त्याची निदानकथा उदायी नावाच्या भिक्षूची आहे. प्रव्रज्येपूर्वी तो धनुर्धर होता आणि कावळे त्यास आवडत नसत. त्याने कावळ्यांना बाणांनी टिपून त्यांची मुंडकी कापली व ती शुळांवर ओळीने मांडून ठेवली. इतर भिक्षूंनी विचारले तेव्हा त्याने कारण सांगितले ते एवढेच, की हे पक्षी मला आवडत नाहीत. कावळ्यांना उडून जाण्याची पुरेशी संधी होती आणि उदायीचे कौशल्यही अस्सल होते. न्याय्य पाठलागाच्या कसोटीस तो कदाचित उतरला असता. तथागतांनी त्याचा निषेध केला आणि नियम घालून दिला, तेथे नेम किती अवघड होता हा प्रश्नच आला नाही. ओळीने मांडलेली ती मुंडकी आणि दिवाणखान्याच्या भिंतीवरील शिंगे यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

राजांच्या शिकारीविषयीही हेच म्हणता येईल. सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात नोंदविले आहे, की पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, तीत मृगया व तत्सम करमणुकी असत. त्याने अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस जाऊन धम्मयात्रा सुरू केली. याच आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यात सापडला, हे वाचकांस ठाऊक असेलच. अशोकाने मृगया अधिक न्याय्य केली नाही. त्याने ती आपल्या दिनक्रमातून काढून टाकली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अट्ठसालिनीत पाणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत. समोर 'पाण' म्हणजे जिवंत प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव म्हणजे 'पाणसञ्ञिता', मारण्याचे चित्त म्हणजे 'वधकचित्त', त्यासाठी केलेला प्रयत्न म्हणजे 'उपक्कम', आणि त्या प्रयत्नाने घडलेले मरण. पाचही अंगे पूर्ण झाली म्हणजे कर्म पूर्ण होते. ड्रोन चालविणाऱ्याच्या बाबतीत पहिली दोन अंगे निर्विवाद आहेत. किंबहुना 'हा प्राणी आहे' ही जाणीव करून देणे हेच त्या यंत्राचे काम आहे. मरण घडले, हेही उघड आहे. वाद उरतो तो उपक्कम आणि वधकचित्त या दोहोंविषयी.

उपक्कमाचे, म्हणजे प्रयोगाचे, अट्ठकथेत सहा प्रकार आहेत. स्वतःच्या हाताने मारणे हा साहत्थिक, दुसऱ्यास आज्ञा देऊन मारविणे हा आणत्तिक, बाण-भाला इत्यादी सोडून मारणे हा निस्सग्गिय, खड्डा-सापळा मांडून ठेवणे हा थावर, मंत्रविद्येने मारणे हा विज्जामय आणि ऋद्धीने मारणे हा इद्धिमय. शेवटचे दोन वाचून आजचा बुद्धिवादी वाचक हसेल. आम्हीही मंत्राने कोणी मरतो असे मानीत नाही. पण दूर बसून, स्पर्श न करता, शस्त्र न उचलता माणूस मृत्यू घडवू पाहील, आणि तरीही तो कर्ता ठरेल, हे त्या प्राचीन आचार्यांनी विचारात घेतले होते, ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

गोळी झाडणाऱ्याचा प्रयोग निस्सग्गिय होय. ड्रोनवालाही त्याच वर्गात पडतो काय? नाही, कारण त्याने काही सोडले नाही. त्याने आज्ञाही दिली नाही. उलट त्यासच कोणी सांगितले. या सहांपैकी एकाही खणात तो नीट बसत नाही, आणि आमच्या तरुण उपासकाचा आधार नेमका हाच होता. येथे विनयाच्या तिसऱ्या पाराजिकेवरील विभंगाची मदत घ्यावी लागते. तो नियम मनुष्यवधाविषयीचा आहे आणि भिक्षूंसाठी आहे. उपासकास त्याची आपत्ती लागू नाही. परंतु एका वधात अनेक हात कसे गुंतलेले असतात याचे इतके सूक्ष्म पृथक्करण अन्यत्र मिळणे कठीण. त्यात आज्ञा व दूतपरंपरा यांच्याबरोबर 'आचिक्खना' म्हणजे सांगणे, 'संकेतकम्म' म्हणजे वेळ ठरविणे आणि 'निमित्तकम्म' म्हणजे खूण करणे यांचाही स्वतंत्र विचार आहे. मी डोळा मिचकावीन, भुवई उचलीन, तेव्हा मार, असे ठरवून एकाने खूण केली आणि दुसऱ्याने मारले, तर खूण करणारा सुटत नाही. पडद्यावरचा पांढरा ठिपका पाहून "ओढ्याच्या पलीकडे, तीनशे पावलांवर" असे फोनवर सांगणे हे निमित्तकम्म नव्हे तर काय?

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो पालि वाङ्मयातूनच येतो. धम्मपदअट्ठकथेत कुक्कुटमित्त नावाच्या पारध्याची कथा आहे. त्याची पत्नी स्रोतापन्न होती. तरीही पती शिकारीस निघताना ती त्यास धनुष्य, बाण व जाळे आणून देई. भिक्षूंनी शंका घेतली, की ही पाणातिपात करते काय? तथागतांनी तिला दोष दिला नाही. कथेतील चमत्काराचा भाग आम्ही बाजूस ठेवतो. निर्णय मात्र ठेवता येत नाही. शस्त्र हाती देणारी जर निर्दोष, तर नुसते पाहून सांगणारा दोषी कसा?

उत्तर त्याच कथेत आहे. याने हे घेऊन जावे व प्राणी मारावेत, असा विचार तिच्या चित्तात नव्हता. पतीचे सांगणे ऐकावे, एवढाच तिचा भाव होता, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. स्वयंपाकघरातील सुरी मागितली म्हणून देण्यासारखी तिची ती कृती होती. (स्त्रीस पतीच्या आज्ञेत ठेवणारी ही समाजरचना आम्हांस मान्य नाही, पण तो वेगळा विषय आहे.) ड्रोन चालविणाऱ्यास मात्र अशा रिकाम्या चित्ताने काम करताच येत नाही. हरीण शोधायचे कशासाठी, हे ठाऊक असल्याखेरीज तो शोध सुरूच होत नाही. कोणते हरीण मोठे, कोणत्या बाजूने गेल्यास ते बिथरणार नाही, वारा कोणत्या दिशेचा आहे, हे सारे त्याने शिकाऱ्याच्या मनाने पाहावे लागते. जितके चांगले पाहावे तितके ते मन अधिक आपलेसे करावे लागते. म्हणून वधकचित्त एकाचे व डोळे दुसऱ्याचे, अशी वाटणी येथे टिकत नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती आम्हांस अधिक गंभीर वाटते. प्राणिवधाचा दोष लहान की मोठा हे ठरविताना अट्ठकथाकार प्राण्याच्या आकारमानाबरोबर 'प्रयोगाची महत्ता' विचारात घेतात. मोठ्या प्राण्यास मारण्यास अधिक खटपट लागते, म्हणून दोष अधिक. मग ड्रोनने खटपट कमी झाली, तर दोषही कमी झाला काय? शिकाऱ्यांचा न्याय्य पाठलाग म्हणतो, खटपट कमी म्हणून कृत्य अधिक वाईट. अट्ठकथा वरवर वाचली तर ती याच्या नेमके उलट बोलते.

आमच्या मते प्रयोगाची महत्ता म्हणजे पायांचे श्रम नव्हेत. मारण्याच्या दिशेने चेतना किती वेळा, किती चिकाटीने उचल खाते, हे तिचे माप आहे. कारण प्राणी व गुण समान असतील तेथे क्लेशांची व प्रयत्नांची तीव्रता पाहावी, असे हेच आचार्य सांगतात. यंत्र विकत घ्यायचे, ते चालविण्यास शिकायचे, हंगामापूर्वी आठवडेच्या आठवडे पहाटे उठून कळपाच्या वाटा टिपायच्या, नकाशावर खुणा करायच्या ही तयारी लहान नाही. श्रम पायांतून निघून मनात गेले, एवढेच. शिवाय पूर्वी शिकारी थकत असे, रिकाम्या हाताने परतत असे. त्या थकव्यात विचार पालटण्यास थोडा अवकाश तरी होता. यंत्र तो अवकाश काढून घेते.

प्राण्याच्या बाजूचाही एक पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी साधने बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडविण्यात आले; त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक वेळा अस्वले जागची हलली नाहीत. बाहेरून पाहणाऱ्यास ती शांतच वाटली असती. परंतु त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत होते. पिलांसह असलेल्या एका मादीचे तर मिनिटास चाळीसच्या आसपास असलेले ठोके एकशे साठच्या घरात गेले. निग्रोधमिगजातकात वाराणसीच्या उद्यानात कोंडलेल्या हरणांचे वर्णन आहे. राजाचे धनुष्य दिसताच ती भयाने धावत, एकमेकांवर आदळत, जखमी होत. रोजच्या त्या भयापेक्षा पाळीपाळीने एकेकाने मरण पत्करणे त्यांना बरे वाटले. जातककारांना जे कल्पनेने कळले, ते येथे मोजून निघाले. 'मी फक्त पाहिले' असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये, की ते पाहणे खाली ऐकू जाते.

येथवर हौसेच्या शिकारीचा विचार झाला. आपले बहुसंख्य वाचक मात्र शिकारी नाहीत. त्यांतील अनेकांची विदर्भ-मराठवाड्यात दोन-चार एकर कोरडवाहू शेती आहे, आणि रानडुकरे व रोही यांनी एका रात्रीत उभे सोयाबीन किंवा हरभरा लोळविल्याचा अनुभव त्यांना आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा असा भेद केला आहे, तो येथे मार्गदर्शक ठरतो. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. निव्वळ इच्छेपोटी होणारी हत्या त्यांनी निषिद्ध मानली, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे. पीक राखण्यासाठी रात्र-रात्र जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याची गरज खरी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही उभ्या पिकाची हानी करणाऱ्या काही प्राण्यांबाबत वनखात्याच्या परवानगीची वाट मोकळी ठेवली आहे. शहरात बसून त्या शेतकऱ्यास करुणेचे पाठ देणाऱ्यांविषयी आम्हांस फारसा आदर नाही.

परंतु गरज असली तरी साधनाचा विचार सुटत नाही. शेताच्या कडेने वीजप्रवाह सोडलेली तार लावून निघून जाणे हा अट्ठकथेतील थावर प्रयोगच होय. ती तार डुक्कर, वाघ आणि पहाटे शेजारच्या शेतात निघालेला माणूस यांत भेद करीत नाही. विदर्भात अशा तारांनी तिघांचेही बळी घेतले आहेत. ड्रोनचा उपयोग कळप कोठे आहे हे पाहून त्यास हाकून लावण्यासाठी, किंवा झालेली हानी मोजून भरपाई मिळविण्यासाठी झाला, तर त्या उपक्कमात वधकचित्त नाही. पण तेच यंत्र गरजेच्या नावाखाली हौशी बंदूकवाल्यांच्या हाती गेले, तर शेतकऱ्याची गरज मागे पडेल आणि इच्छा तेवढी पुढे राहील. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा धोका ओळखावा, असे आम्हांस वाटते.

आमचा तरुण उपासक परत जाण्यापूर्वी भेटावयास आला. त्याने सहकाऱ्यास नकार कळविला होता. त्यावर सहकाऱ्याने नवीन प्रश्न केला: गोळी लागून हरीण जंगलात पळाले आणि तडफडत पडले, तर निदान ते शोधून देशील की नाही? अमेरिकेतही सध्या याच मुद्द्यावर वाद चालू आहे. जखमी जनावर लवकर सापडावे म्हणून ड्रोनची मुभा द्यावी असे काहींचे म्हणणे आहे, तर त्या निमित्ताने हेरगिरी चालेल असे इतरांचे. आम्ही त्यास सांगितले, की जखमीचे हाल थांबावेत ही भावना खोटी नव्हे. पण आधीच ठरवून ठेवलेली अशी मदत सहकाऱ्याच्या बेफिकीर नेमास आधार देते, हे त्याने तपासावे. एखाद्या प्रसंगी समोर तडफडणारे जनावर दिसले, तर त्या वेळी त्याचे चित्त काय म्हणते हे तोच जाणील.

मग त्याने फोनवर एक चित्रफीत दाखविली. जर्मनीत मे-जूनमध्ये गवताची कापणी होते, तेव्हा हरिणी आपली पाडसे उंच गवतात लपवून जातात. यंत्राचा आवाज आला तरी पाडस पळत नाही, अंग चोरून तेथेच बसते, आणि पाती त्यास कापून काढतात. म्हणून तेथे पहाटे थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन उडवून पाडसे शोधतात व गवताच्या मुठीत धरून, माणसाचा वास न लागेल अशा बेताने, कडेला नेऊन ठेवतात. अशा ड्रोनच्या खरेदीस तेथील सरकार २०२१ पासून अनुदान देऊ लागले. तीच पहाट, तोच कॅमेरा, तोच पांढरा ठिपका.

आम्ही त्यास दुसऱ्या पाराजिकेच्या विनीतवत्थूंतील एक नोंद काढून दाखविली. फासात अडकलेले डुक्कर एका भिक्षूने सोडविले. चोरण्याच्या हेतूने सोडविले असेल तर पाराजिक. करुणेने सोडविले असेल तर आपत्ती नाही. पुढे हरणाविषयी आणि माशाविषयीही तसेच आहे. त्या चार-पाच ओळी त्याने वहीत उतरवून घेतल्या आणि, येत्या उन्हाळ्यात तिकडे कोणी पाडसे शोधण्याचे काम करीत असेल तर चौकशी करतो, असे म्हणून निरोप घेतला.